आवाज कमी होतो, म्हणजे जातो कुठं?

इलेक्ट्रिक गिटारला केबल लावायची, पण केबलचं दुसरं टोक ॲम्प्लिफायरला द्यायचं नाही. ते हातात धरायचं आणि मल्टिमीटरचा एक प्रोब पिनच्या टोकाला, दुसरा पिनच्या दांड्याला टेकवायचा. मीटर ओहमवर ठेवायचं. गिटार स्ट्रॅटोकास्टर जातीची असेल आणि व्हॉल्यूमचा नॉब १० वर असेल, तर मीटर सहा किलोओहमच्या आसपासचा आकडा दाखवतं. आता नॉब सावकाश खाली आणायला लागा. आपण आवाज कमी करतोय, तेव्हा आकडाही कमी होत जाईल, किंवा वाढायचाच असेल तर वाढत जाईल, असं आपण धरून चालतो. मीटर दोन्ही अंदाज खोटे पाडतं. सहाचे वीस होतात, विसाचे चाळीस, आणि नॉब सात-आठच्या दरम्यान असताना साठ-पासष्ट. तिथं आकडा घुटमळतो, मग माघारी फिरतो, आणि नॉब शून्यावर पोचला की तोही शून्यावर येऊन थांबतो.

गिटारचा एकही स्क्रू अजून काढलेला नाही. तरी आत सगळं ठाकठीक आहे हे आपल्याला कळलंय. आकडा वेगळा वागला असता, तर नेमकं काय तुटलंय हेही बहुतेक वेळा इथूनच कळलं असतं. त्यासाठी फक्त एका प्रश्नाचा पिच्छा पुरवावा लागतो: तारेतून निघालेला सिग्नल गेला कुठं?

निघतो कुठून, ते आधी. तारांच्या खाली जी पट्टी दिसते तो पिकअप. त्यात लोहचुंबक, आणि चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि स्ट्रॅटच्या एका पिकअपवर तिचे सात-आठ हजार फेरे असतात. मीटरवर दिसलेले सहा किलोओहम हा त्या तारेचाच रोध. इतक्या बारीक तारेचा रोध एक मीटर लांबीला साडेपाच ओहमच्या घरात असतो, म्हणजे हिशेब सोपा आहे: बोटभर रुंदीच्या त्या डबीत एक किलोमीटरहून जास्त तार गुंडाळलेली आहे. एखाद्या ठिकाणी ती तुटली तर पिकअप संपला, आणि तरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी गुंडाळलेले पिकअप आजही वाजताहेत.

वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेली हीच ती गोष्ट. जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी शंभर वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, ती गिटारला जुंपली. बॅटरी नाही, प्लग नाही. आपल्या बोटाची ताकद हाच वीजपुरवठा, आणि त्यातून मिळतो व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा. मनगटी घड्याळातला सेलसुद्धा याहून जोरकस म्हणायचा. एवढ्याशा ऐवजातून नॉबनं आवाज कमी-जास्त करायचा असतो.

नॉबच्या खाली असतो पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर. मराठी मुलखात विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या कुणालाही हे नाव ऐकून प्रयोगशाळेतली ती लांबलचक लाकडी फळी आठवेल: तिच्यावर ताणलेली तार, तारेवरून सरकवायची जॉकी, आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर यावा म्हणून केलेली खटपट. योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानं १८४१ च्या सुमारास मोजमापासाठी ती युक्ती काढली. गिटारमधला पॉट अगदी तोच आहे. तारेऐवजी कार्बनचा पट्टा, तोही घोड्याच्या नालासारखा वाकवलेला, आणि जॉकीऐवजी नॉबच्या दांड्याला जोडलेली धातूची जीभ. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या पोटात त्यानं जे सामान घातलं, ते रेडिओवाल्याच्या टेबलावर असतं तसलंच: पॉट, कपॅसिटर, कापडी आवरणाच्या वायरी.

पॉटला तीन पाय असतात. एका टोकाच्या पायाला पिकअपची वायर. दुसऱ्या टोकाचा पाय ग्राउंडला, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या समाईक वाटेला. तो बहुधा मागे वाकवून पॉटच्याच पत्र्याच्या पाठीवर सोल्डर केलेला असतो. मधला पाय जिभेचा, आणि तिथून वायर जाते जॅकला, म्हणजे केबलची पिन जिथं बसते तिथं. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल पिकअपना २५० किलोओहमचा पॉट, लेस पॉलसारख्या गिटारींतल्या दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपना ५०० चा, असा साधारण रिवाज आहे.

इथं बहुतेकांची समजूत फसते. व्हॉल्यूम म्हणजे नळ, पिळला की धार बारीक होते, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शेतात दारं धरलेल्या माणसाला मात्र खरी गोष्ट चटकन कळेल: पाटाचं पाणी अडवायचं नसतं, वळवायचं असतं. पिकअपचा सिग्नल कार्बनच्या पट्ट्याच्या एका टोकातून शिरतो आणि दुसऱ्या टोकातून ग्राउंडला जातो, कायम, नॉब कुठंही असो. जीभ फक्त मधे कुठंतरी हात घालून त्यातला हिस्सा उचलते. पिकअपच्या टोकाशी उचलला तर सगळा मिळतो, ग्राउंडच्या टोकाशी उचलला तर काहीच नाही. नॉब शून्यावर असतानाही तारा थरथरत असतात, चुंबक काम करत असतो, वेटोळ्यात वीज उमटत असते. ती सगळी पट्ट्यात मुरून उष्णता होते. किती? व्होल्टचा दहावा हिस्सा धरला तर ४० नॅनोवॅट, म्हणजे वॅटचे अडीच कोटी भाग केले तर त्यातला एक. रॉकच्या मैफिलीत गिटारवाला एकदम गप्प होतो तेव्हा आवाज इथं गेलेला असतो.

आता मीटरचं कोडं सुटतं. जिभेपासून ग्राउंडला जायला दोन वाटा आहेत. एक खाली, उरलेल्या पट्ट्यातून. दुसरी वर, बाकीच्या पट्ट्यातून पिकअपमध्ये आणि पिकअपमधून ग्राउंडला. मीटर दोन्ही वाटा एकदम बघतं. नॉब १० वर असला की वरची वाट म्हणजे फक्त पिकअप: सहा किलोओहम. शून्यावर खालची वाट म्हणजे काहीच नाही: शून्य. आणि जीभ पट्ट्याच्या बरोबर मध्यावर असली की दोन्हीकडं सव्वाशे-सव्वाशे, समांतर जोडणीत त्याचे निम्मे. हाच तो साठ-पासष्टचा शेंडा.

मग बिघाड वाचायचे कसे?

समजा १० वर सहा दिसतात, नॉब उतरवताना आकडा चढतो, पण परत फिरतच नाही. चढत चढत २५६ वर जातो आणि तिथंच राहतो. याचा अर्थ खालची वाट नाहीशी झालीय: तिसऱ्या पायाचं ग्राउंड सुटलं. या गिटारची तक्रार कानानंही ओळखता येते, आणि ती मोठी मजेदार असते. वादक सांगतो, 'शून्यावर नेलं तरी आवाज बंद होत नाही, नुसता मठ्ठ होतो.' बरोबरच आहे. आता पट्टा हिस्सा वाटत नाही, नुसता वाटेत आडवा पडलाय. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी साधारण दहा लाख ओहमचा रोध असतो. त्याच्यापुढं अडीच लाख ओहम आडवे पडले तरी ८० टक्के व्होल्टेज पलीकडं पोचतंच, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. मठ्ठपणा कुठून येतो ते पुढं येईलच.

समजा १० वर सहाऐवजी थेट २५० दिसतात आणि नॉब उतरवला की आकडा गुमान खाली येतो. म्हणजे वरची वाट बंद आहे, मीटरला नुसता पॉट दिसतोय. पिकअपची वायर सुटलीय, किंवा पिकअप निवडायचा स्विच नीट टेकत नाही, किंवा, नशीब फारच वाईट असेल तर, त्या किलोमीटरभर तारेत कुठंतरी तुटलंय. मीटर काहीच दाखवत नसेल, कुठंही, तर मधल्या पायापासून जॅकपर्यंतची वायर किंवा जॅकचं ग्राउंड गेलंय. आणि नॉब फिरवला तरी आकडा शून्यच, हलायचं नाव नाही, तर सिग्नलची वायर बाहेरच्या बाजूला, जॅकपाशी, पत्र्याला किंवा आतल्या तांब्याच्या फॉइलला चिकटलेली आहे.

यातला मला सर्वांत आवडणारा प्रकार असा: १० वर शून्य, शून्यावर शून्य, पण मधे आकडा व्यवस्थित साठाच्या वर चढतो. गिटार पूर्ण मुकी असते. मीटर मात्र सांगतं की जॅक चांगला आहे, पॉट चांगला आहे, जीभ फिरतेय. पहिल्या पायाच्या मागं, पिकअपच्या बाजूला, काहीतरी ग्राउंडला टेकलंय. बंद झाकणाच्या आत, नेमकी कुठल्या बाजूला चूक आहे हे केबलच्या टोकाशी बसून सांगता येतं.

दशांशांची चिंता मात्र करू नये. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. एसीतल्या खोलीत सहा किलोओहम दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी सहज साडेसहाच्या जवळ जाईल. तो बिघडलेला नाही, त्यालाही उकडतंय एवढंच.

पट्टाच मधे तडकला असेल तर काय होईल, याचं उत्तर वाचकानं क्षणभर थांबून स्वतःच काढून बघावं. जीभ तड्याच्या वर असेपर्यंत सिग्नलला ग्राउंडची वाट नाही, त्यामुळं आवाज जवळजवळ पूर्ण. तडा ओलांडला की पिकअपशीच संबंध तुटतो, आवाज एकदम गुल. म्हणजे नॉब असून त्याचा स्विच झालाय. नुसती खरखर असेल तर गोष्ट किरकोळ आहे: पट्ट्यावर धूळ किंवा गंज. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, नॉब पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस. आवाज येतो-जातो अशी तक्रार असेल तर आधी केबल बदलून बघावी, मग जॅकची चाकी. ती सैल झाली की प्रत्येक वेळी पिन खुपसताना आख्खा जॅक फिरतो आणि आतल्या वायरींना पीळ बसत बसत एक दिवस तुकडा पडतो. पॉटवर बोट ठेवायची वेळ बरीच नंतर येते.

आता तो मठ्ठपणा. सगळं वायरिंग बिनचूक असलं तरी नॉब दहावरून सातवर आणला की गिटारची धार बोथट होते, आणि कितीतरी वादक त्यासाठी पॉट बदलून बसतात. दोष पॉटचा नसतो. केबलच्या आत मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून नकळत एक कपॅसिटर तयार झालेला असतो, मीटरभर लांबीला सुमारे १०० पिकोफॅरड. पाच मीटरची केबल म्हणजे ५००. उंच स्वरांना हा कपॅसिटर ग्राउंडची पळवाट देतो, आणि मागचा रोध जितका मोठा तितके जास्त स्वर त्या वाटेनं सटकतात. मागचा रोध म्हणजे आपल्या मीटरवरचाच आकडा. १० वर तो सहा आहे, सातवर चौसष्ट. आवाज किंचितच उतरलाय आणि सिग्नलच्या मागचा रोध दहापट झालाय. ५०० किलोओहमच्या पॉटवर तो शेंडा सव्वाशेच्या वर जातो; पाच मीटर केबलसोबत हिशेब केला तर २५०० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. स्ट्रॅटच्या पॉटवर हीच मर्यादा ५००० हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणून स्ट्रॅटला हा त्रास कमी.

गिटारच्या शेवटच्या, बाविसाव्या फ्रेटवरचा सूरसुद्धा १२०० हर्ट्झच्या आतच असतो. तेव्हा सूर हरवत नाहीत. त्यांच्यावरचे उपस्वर, ज्यांच्यामुळं तार तारेसारखी वाटते, ते झडतात. उपाय सोपा आहे: पहिल्या आणि मधल्या पायांच्या मधे सुमारे १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि बहुधा त्याच्या जोडीला दीडशे किलोओहमचा रेझिस्टर. उंच स्वरांना पट्टा टाळून थेट पुढं जायला ही आडवाट मिळते. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. पण सरसकट ती घालावी असं मला वाटत नाही. कित्येक जॅझ वादक नॉब सहा-सातवर ठेवतात ते नेमकी ती धार मोडायलाच.

कानाचीही एक खोड इथं सांगायला हवी. पट्टा सगळीकडं सारखा असला, तर नॉब अर्ध्यावर आणल्यावर व्होल्टेज अर्धं होईल. कान मात्र त्याला अर्धा आवाज म्हणत नाही. सहा डेसिबलचा तो फरक त्याच्या लेखी 'जरासा कमी' असतो. आवाज निम्मा झाला असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणून व्हॉल्यूमला लॉग पॉट वापरतात, ज्यात अर्ध्या फेऱ्यावर फक्त दहा-पंधरा टक्के सिग्नल उरतो. हल्लीच्या बहुतेक पॉटांवर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनिअर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन '२५०चा पॉट द्या' एवढंच म्हटलं तर काउंटरवर कुठलाही येऊ शकतो, तेव्हा अक्षर बघून घ्यावं. लिनिअर लावला तर गिटार बिघडत नाही, फक्त दहापासून तीनपर्यंत फारसं काही घडत नाही आणि उरलेल्या जागेत सगळा आवाज कोसळतो. करंगळीनं नॉब फिरवत तारेचा ठोका लपवून सूर व्हायोलिनसारखा वर काढणाऱ्या जेफ बेकसारख्यांचं त्यावर भागणार नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या पायांच्या वायरींची अदलाबदल झाली, तर नॉब उलटा चालतो हे उघडच आहे. कमी उघड असलेली गोष्ट अशी की लॉगचा उतारही उलटा होतो: निम्मा फेरा फिरवूनही ८५ टक्के सिग्नल शिल्लक. डावखुऱ्या वादकांसाठी नॉबची दिशा बदलायला कुणी नुसते पाय अदलून दिले की ही भानगड होते. त्यांच्यासाठी उलट्या उताराचे पॉट वेगळे मिळतात. जिमी हेन्ड्रिक्सनं उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून नॉब वर घेतले आणि प्रश्न मिटवला.

लेस पॉल जातीच्या गिटारींत दोन पिकअप, प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम आणि तीन जागांचा स्विच असतो. स्विच मधे ठेवला की दोन्ही पिकअप एकदम वाजतात. आता गळ्याकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. ब्रिजकडचा एकटा वाजत राहायला हवा. पण दोन्ही गप्प होतात. उलट करून बघितलं तरी तेच. नव्या मालकांची पाचावर धारण बसते आणि गिटार दुरुस्तीला जाते, जिथं दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

सिग्नल कुठं गेला, एवढं विचारलं की उलगडतं. स्विच मधे असला की दोन्ही पॉटांच्या जिभा एकमेकींना जोडलेल्या असतात. एक जीभ शून्यावर नेली, म्हणजे ती ग्राउंडला टेकवली. म्हणजे दुसरीही टेकली. ब्रिजकडच्या पिकअपचा सगळा सिग्नल शेजाऱ्याच्या पॉटातून जमिनीत गेला. दोन पिकअपना दोन स्वतंत्र मालक आहेत हा आपला समज. वायरिंगच्या लेखी त्यांचं दार एकच आहे.

हे नको असेल तर प्रत्येक पॉटवर दोन वायरींची जागा बदलायची: पिकअप मधल्या पायाला, आणि जॅककडं जाणारी वायर टोकाच्या पायाला. आता व्हॉल्यूम शून्यावर नेला की जीभ स्वतःच्या पिकअपला ग्राउंड करते, पण समाईक दारापासून ग्राउंडपर्यंत अख्खा ५०० किलोओहमचा पट्टा आडवा असतो, आणि शेजारी वाजत राहतो. फेंडरच्या जॅझ बेसमध्ये हीच जोडणी असते. किंमत अशी की नॉब उतरवताना पिकअपवर सरळ बोजा येतो आणि उंच स्वर लवकर मरतात. बेसला ते फारसं खटकत नाही, गिटारला खटकतं, म्हणून मी तरी मूळ जोडणीच्या बाजूचा आहे. शिवाय दोन व्हॉल्यूम असण्याचा दुसरा एक लाभ आहे: एक पिकअप शून्यावर आणि दुसरा पूर्ण ठेवून स्विच वर-खाली फडफडवला की आवाजाचे कापल्यासारखे तुकडे पडतात. रेज अगेन्स्ट द मशीनच्या टॉम मोरेलोनं या खेळावर आपली ओळख उभी केली.

आतापर्यंत नाहीसा झालेला सिग्नल शोधला. गुणगुण हा न बोलावता आलेला सिग्नल. भिंतीतल्या वायरींतून ५० हर्ट्झची वीज वाहते आणि तिचं क्षेत्र खोलीभर असतं. वादकाचं शरीर ते पकडतं आणि पोटाशी धरलेल्या गिटारला पुरवतं. म्हणून ब्रिजच्या खाली एक वायर दडवलेली असते; ती तारांना ग्राउंडशी जोडते. बोट तारेला लागलं की माणूसच ग्राउंडला जोडला जातो आणि गुणगुण उतरते. ही खोट नाही, गिटार नीट असल्याची खूण आहे. तारांना हात लावून काही फरक पडत नसेल पण जॅकच्या पत्र्याला लावल्यावर पडत असेल, तर ब्रिजची वायर तुटलीय. हात लावल्यावर गुणगुण वाढली, तर जॅकवर दोन वायरींची अदलाबदल झालीय. पिकअपच्या वेटोळ्यात थेट शिरणारी गुणगुण वेगळी. तिच्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हरनं एकमेकांविरुद्ध दोन वेटोळी जोडून हंबकर केला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज दिला.

पण याच वायरीमुळं वादकाचं बोट आणि ॲम्प्लिफायरचा पत्रा एकच होतात. गिटारमधली वीज मुंगीलाही जाणवणार नाही, भिंतीतली मात्र जीव घेते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी इथं मंचावर शॉक लागून गेला. हातात गिटार होती आणि स्पर्श झाला तो अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला. आपल्याकडं मांडवातल्या बोर्डात तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून वरची जाड पिन तोडणारे लोक अजून आहेत. तशा ठिकाणी गिटार लावूच नये. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत तीन-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

सोल्डर मारायची वेळ आलीच, तर अवघड जागा एकच: पॉटची पाठ. तो पत्रा उष्णता शोषून घेतो, त्यामुळं पंचवीस वॅटच्या आयर्ननं सोल्डरचा गोळा वर बसतो खरा, पण खाली धरत नाही. हेच ड्राय सोल्डर. महिनाभर चालतं, मग ग्राउंड येऊन-जाऊन असतं आणि शोधता शोधता पुरेवाट होते. आधी पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा, चाळीस वॅट किंवा त्याहून जास्तीचं आयर्न घ्यायचं, सोल्डर पसरून चकाकला की लगेच उचलायचं. वायर थिजेपर्यंत हलवायची नाही. जुना जोड संशयास्पद वाटला तर ॲम्प्लिफायर चालू ठेवून लाकडी काडीनं प्रत्येक जोड हळूच ढोसावा. जो कडकडेल तो चोर.

झाकण उघडलंच आहे तर पॉटच्या पाठीवर किंवा कडेला ठोकलेला आकडा वाचून घ्यावा. जुन्या अमेरिकी पॉटांवर सुरुवातीचे तीन अंक कारखान्याचे असतात: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे अंक वर्ष आणि आठवडा. १३७६३२० असेल तर सीटीएस, १९६३ साल, विसावा आठवडा. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही, मग विकणारा तिला १९५९ची म्हणून कितीही शपथा घेवो. जुन्या गिटारींचे पारखी लाकडाआधी हे बघतात. तेव्हा असा पॉट खरखरत असला तर आधी क्लीनर मारून बघावा, आणि बदलावाच लागला तर जुना कचऱ्यात न टाकता पुडीत बांधून गिटारच्या केसमध्ये ठेवून द्यावा.